बुरांश आणि देवदार

उत्तरेच्या यात्रेत गढवालचे डोंगर चढताना दोन झाडे भेटतात. बुरांश वसंतात लाल फुलांनी बहरतो; मधासाठी पाखरे येतात, माणसे फुलांचे सरबत करतात. देवदाराला फूलच नाही. तो पराग वाऱ्यावर सोपवतो. पण त्याचे लाकूड सहजी कुजत नाही. पहाडातली कितीतरी देवळे त्याच्याच आधारावर उभी आहेत.

कीर्तनात एखादा नाचतो, रडतो. त्याची भक्ती दिसते. दुसरा खांबाशी मुकाट बसतो, पण एकादशी आणि वारी चुकवत नाही. त्याला आपण कोरडा म्हणतो. असे म्हणावे काय?

फुले गळल्यावर बुरांशही वर्षभर हिरवाच असतो, देवदारासारखा. भावाची परीक्षा तिथे आहे: टाळ थांबल्यावर, घरी परतल्यावर. ती विठ्ठलाने घ्यावी, आपण नव्हे.

रामकृष्ण हरी.