सुट्या भागांसाठी मोडलेले इंजिन

इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशायर परगण्यात एका उमरावाने १८७१ साली स्वतःच्या जमिनीतून, स्वतःच्या खर्चाने एक छोटा लोहमार्ग टाकला. त्याचे नाव वॉटन ट्रामवे. हा उमराव म्हणजे बकिंगहॅमचा तिसरा ड्यूक. पुढे १८७५ ते १८८० तो मद्रासचा गव्हर्नर होता. चेन्नईतला बकिंगहॅम कालवा त्याच्याच नावाचा. रूळ हलके, कामही हलके: दूध, कोळसा, शेतमाल. सुरुवातीला डबे घोडे ओढत. नेहमीच्या इंजिनाचा भार त्या रुळांना सोसणारा नव्हता, म्हणून ड्यूकने रोचेस्टरच्या अ‍ॅव्हेलिंग अँड पोर्टर कारखान्याकडून दोन विचित्र यंत्रे घेतली. हा कारखाना सडकेवर चालणारी वाफेची इंजिने बनवणारा. त्यांनी आपल्याच सडकेच्या इंजिनाचा घाट उचलला आणि तो रुळांच्या चाकांवर बसवला. बॉयलरच्या पाठीवर एकच सिलिंडर, एका बाजूला भलेमोठे गतिचक्र, चाकांपर्यंत ताकद पोचवायला साखळ्या आणि वेग फार तर ताशी आठ मैल. साखळ्यांच्या खडखडाटावरून लोकांनी त्यांना ‘ओल्ड चेनी’ म्हणायला सुरुवात केली. पहिल्याचा कारखान्यातला क्रमांक ८०७, दुसऱ्याचा ८४६. दोन्ही १८७२ ची.

१८९५ मध्ये ही जोडी नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या नेदर हेफर्ड इथल्या वीट कारखान्यात गेली. तिथे ८०७ थेट १९४० पर्यंत राबले. इतकी वर्षे ते टिकले, कारण त्याला लागणारे भाग ८४६ मोडून काढले जात होते. दरम्यान ड्यूकचा तो मार्ग मेट्रोपॉलिटन रेल्वेकडून लंडन ट्रान्सपोर्टकडे आला आणि १९३५ मध्ये बंद पडला. त्यामुळे लंडन शहराने जपलेल्या भुयारी रेल्वेच्या इंजिनांत आज ८०७ हे साखळीचे धूडही आहे. ८४६ मात्र कुठेच नाही. जे काही उरले असेल, ते ८०७ च्या अंगात.

मला मॉडेल करायचे आहे ते ८४६ चे.

बाजारात मॉडेल मिळते ते ज्याला गिऱ्हाईक आहे त्याचे. इंग्लंडमध्ये १९५९ च्या सुमारास रोझबड या बाहुल्यांच्या कंपनीने ‘किटमास्टर’ नावाने प्लास्टिकच्या इंजिनांचे संच काढले. सुरुवात केली स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’पासून. छोट्या इंजिनांपैकी त्या यादीत जागा मिळाली ती लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या ‘पग’ला. गोदीत शंटिंग करणारे हे चार चाकांचे, बॉयलरवर खोगिरासारखी पाण्याची टाकी असलेले इंजिन. ते एका मोठ्या कंपनीचे, त्यामुळे त्याचे आराखडे होते, फोटो होते, आठवणारे लोक होते. पुढे हे साचे एअरफिक्सकडे आणि तिथून डॅपॉलकडे गेले. ब्रिस्टलच्या पेकेटची किंवा किल्मार्नकच्या अँड्र्यू बार्कलेची इंजिने शेकडो खाणींत आणि कारखान्यांत राबली, पण हॉर्नबीने पेकेटचे छोटे इंजिन तयार मॉडेल म्हणून विकायला २०१६ साल उजाडले. दरम्यानच्या पन्नासेक वर्षांत ज्यांना आपल्या गावच्या वीटभट्टीचे किंवा गॅसच्या कारखान्याचे इंजिन हवे होते, त्यांनी पग विकत घेतला आणि कापला. टाकी काढली, केबिन बदलली, धुराडे उंच केले. एका प्रसिद्ध इंजिनाचा बळी देऊन दहा अप्रसिद्ध इंजिने उभी राहिली. हा व्यवहार मला न्याय्य वाटतो.

या छंदातले कडवे लोक अशा कापाकापीला दुय्यम मानतात. खरे मॉडेल पितळी पत्र्यातून, आराखड्यावरून, शून्यापासून घडवायचे, हे त्यांचे म्हणणे. मला त्यांच्या हातांबद्दल आदर आहे, पण मुद्दा पटत नाही. मुख्य मार्गावरच्या एक्स्प्रेस इंजिनांना तो नियम लागू पडेल. तिथे एका वर्गाची पन्नास इंजिने, एकाच आराखड्यावरून, मोठ्या कारखान्यात, बरीचशी सारखी. छोट्या औद्योगिक इंजिनाचे आयुष्य असे नसते. ते कंपनीच्या कॅटलॉगमधून विकत घेतले जाते आणि दुसऱ्याच वर्षी खाणीवरचा फिटर त्याला हात घालतो. ‘टॅलिलिन’ या इंजिनाचेच उदाहरण घ्या. वेल्समधल्या ब्रिन एग्लविस खाणीतला पाटीचा दगड समुद्राकडे आणण्यासाठी १८६४ मध्ये फ्लेचर जेनिंग्ज कंपनीने चार चाकांचे इंजिन दिले. त्याचा मागचा भाग चाकांच्या बाहेर इतका लोंबत होता की धावताना ते खाली-वर उसळायचे. दोन-तीन वर्षांत त्याला मागे चाकांची आणखी एक जोडी लावावी लागली. ते चार चाकांचे इंजिन खरे की सहा चाकांचे? दोन्ही खरी, आपापल्या तारखेला. ८०७ ची गोष्ट तर त्याहून पुढची. सडकेच्या इंजिनाचे रेल्वे इंजिन करणे ही कारखान्यातलीच कापाकापी, आणि वीट कारखान्यातली जवळजवळ अर्धशतकाची दुरुस्ती हे जुळ्या भावाच्या हाडांनी केलेले ठिगळकाम. अशा यंत्राची प्रतिकृती संच कापून केली, तर त्याच्या स्वभावाशी कसलाही विसंवाद होत नाही. किंबहुना पत्र्यातून घडवलेली गुळगुळीत, निर्दोष प्रतिकृतीच मला जास्त खोटी वाटते.

अर्थात, हे तर्कशास्त्र फार सोयीचे आहे आणि सोयीचे तर्कशास्त्र जपून वापरावे. ‘मूळ इंजिनातच सगळे ठिगळ होते’ असे म्हटले की काहीही खपवता येते. धुराडे जरा जाड झाले? फिटरने बदलले असेल. चाके लहान पडली? झिजली असतील. वीट कारखान्याच्या फिटरने मात्र असे काही उगाच केले नव्हते. वाफ गळत होती, पैसे नव्हते, सोमवारी माल हलवायचा होता. त्याच्या प्रत्येक ठिगळामागे कारण होते. मॉडेल करणाऱ्याच्या ठिगळामागे वाफ नाही, पैशाची ती निकड नाही. म्हणून त्याचे कारण पुराव्यात असले पाहिजे. एखादा फोटो, मोजमाप, किंवा निदान ‘हे नसते तर यंत्र चालले नसते’ अशी यांत्रिक गरज. यातले एकही नसेल तर तो भाग कोरा सोडावा.

पुराव्याचा प्रश्न इथे गंमतशीर होतो. फोटो काढणारा बहुधा उन्हाची बाजू निवडतो, त्यामुळे जुन्या इंजिनांची एक बाजू पाठ असते आणि दुसरी अंधारात. इतिहासकाराचे एका फोटोवर भागते. मॉडेल करणाऱ्याला चारही बाजू, तळ आणि वरचा भाग लागतो. ड्रायव्हर उभा कुठे राहायचा, कोळसा कुठे ठेवायचा, पाणी कुठून भरायचे, साखळी कुठून कुठे जायची? बॉयलरला अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिक पत्र्याची पट्टी चिकटवताना हे प्रश्न टाळता येत नाहीत. कागदावर ‘साखळीने चालणारे इंजिन’ एवढे लिहून पुढे जाता येते. टेबलावर साखळीची दोन्ही टोके कुठेतरी बांधावीच लागतात.

माझ्या योजनेतला पहिला बळी मॅचबॉक्सचा आहे. त्यांच्या ‘मॉडेल्स ऑफ येस्टरइयर’ मालिकेत १९५८ मध्ये अ‍ॅव्हेलिंग अँड पोर्टरचाच स्टीम रोलर आला होता, म्हणजे त्याच कारखान्याच्या वंशातला. छप्पर काढायचे, पुढचा रोलर आणि त्याची चिमट्यासारखी बैठक करवतीने उतरवायची, मागची चाके फेकायची. उरतो तो बॉयलर, धुराडे, सिलिंडर आणि गतिचक्र. पण हा रोलर १९२० चा आहे, माझे इंजिन त्याच्या अर्धशतक आधीचे. बॉयलरवरचा बराच तपशील घासून काढावा लागेल. त्यात तो १:८० प्रमाणाचा आणि इंग्लंडमधले बहुतेक छंदिष्ट १:७६ मध्ये काम करतात. म्हणजे सगळे पाच टक्क्यांनी लहान. धुराड्याला तेवढे चालते, ड्रायव्हरच्या पुतळ्याला नाही. धातू कापताना कानस सारखी भरते. लांबी भरून, पॉलिश पेपरने घासून कितीही सारखे केले तरी राखाडी प्रायमरचा पहिला हात दिला की प्रत्येक सांधा उघडा पडतो.

खाली मोटर हवी. तेनशोदो या जपानी कंपनीने चार चाकांत मोटर बसवलेली एक बैठी गाडी बनवली. ‘स्पड’ नावाने ओळखली जाणारी ही गाडी चाकांमधल्या वेगवेगळ्या अंतरांत मिळायची, म्हणून अनेकांच्या वीटभट्टीच्या इंजिनांखाली तीच सापडते. खऱ्या ताशी आठ मैलांचे १:७६ मध्ये सेकंदाला जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर होतात. इतक्या संथपणे छोटी मोटर चालवणे हे निम्मे काम. उरलेले निम्मे गतिचक्राचे. चाके फिरताहेत आणि गतिचक्र थिजलेले, हे दृश्य कुणाच्याही डोळ्यांत सलते. आणि खऱ्या यंत्रात ते चाकांपेक्षा कितीतरी जोरात फिरायचे, त्यामुळे चाकाच्याच वेगाने फिरवले तरी खोटे दिसेल. सोनाराकडची बारीक साखळी दिसायला चांगली, पण ती ताकद वाहून नेणार नाही. म्हणून आत रबराचा पट्टा, बाहेर शोभेची साखळी. ही फसवणूक मी मान्य केली आहे.

शिवाय रुळांचीच गोष्ट आहे. १:७६ मध्ये खऱ्या चार फूट साडेआठ इंची मार्गाची रुंदी १८.८३ मिमी यायला हवी. सर्रास वापरतात ते १६.५ मिमीचे रूळ, म्हणजे खऱ्या हिशेबाने चार फूट दीड इंच. कारण जुने आहे: ब्रिटिश इंजिने युरोपातल्या इंजिनांपेक्षा लहान, १:८७ मध्ये त्यांच्या पोटात मोटर मावेना, म्हणून अंग वाढवले आणि रूळ तेच ठेवले. ज्या प्रमाणावर निष्ठेच्या गप्पा चालतात, ते प्रमाण स्वतःच तडजोडीतून जन्मले आहे. आपल्याकडे तर प्रकरण आणखी अवघड. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिमीचे. १:८७ मध्ये त्याला सव्वाएकोणीस मिमी लागतात, आणि ते धावते त्याच साडेसोळाच्या रुळांवर. पुण्यात जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात मुले काचेला नाक लावून उभी असतात, तेव्हा हे अडीच-तीन मिमी कुणाला जाणवत नाहीत. मला टेबलावर जाणवतात. त्यामुळे बाकीच्या तडजोडींबद्दल मी जरा नरम झालो आहे.

आता तारीख ठरवायची आहे. ८४६ चे दोन टप्पे करता येतील. एक १८७२ चे, ड्यूकच्या जमिनीतले, नवे. दुसरे नेदर हेफर्डच्या कोपऱ्यातले, अर्धे सोललेले. दुसरे सोपे आहे: मोटर नको, गतिचक्र नको, साखळी तर काढून नेलेलीच. पण कोणते भाग कोणत्या क्रमाने निघाले याचा पुरावा माझ्यासमोर नाही, आणि माझ्याच नियमाप्रमाणे ते कोरे सोडायचे तर मॉडेलच उरत नाही. म्हणून ८४६ चालतेच हवे, १८९५ च्या आधीचे. बॉयलरची लांबी ८०७ वरून घ्यायची, आणि ८०७ वर नंतर बसवलेले दिसेल ते वगळायचे. रोलर कापायचा तो त्यानंतर.