आकुर्डीचा मुक्काम आणि बाकीच्या रात्री



आजच्या चिंतनाला तुकोबारायांचा रंजल्या-गांजल्यांचा अभंग घेतलाय. शाळेत आपण सगळ्यांनी तो पाठ केला. पाठ आहे म्हणूनच बहुधा त्यातला एक शब्द कानाआड जातो: 'अपंगिता'. मी कितीतरी वर्षं तो 'अपंग' असाच समजत होतो. पण अपंगणं म्हणजे जवळ घेणं, आपलं मानून सांभाळणं. ज्याला असं सांभाळणारं कुणीच उरलं नाही, त्याला जो काळजाशी धरतो तो साधू, असं तुकोबा सांगतात.

म्हणजे बेघर माणसाकडे फक्त छप्पर नसतं असं नाही. 'हा आमचा आहे' म्हणणारंही कुणी नसतं.

हे मला कळलं ते पोथीसमोर नाही, नाशिक फाट्याजवळ. कंपनीच्या बसची वाट बघत मी पुलाखाली उभा असायचो. तिथे पन्नाशीचे एक काका झोपायचे. मी दोनदा वडापाव दिला. दिला म्हणजे शेजारी ठेवला आणि मोबाइल बघत निघालो. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "खायला देतोस, पण बोलत नाहीस रे बाबा."

त्या दिवशी बसलो. काका मराठवाड्यातले. चाकणला प्रेस शॉपमध्ये ठेकेदाराकडे होते. बोटाला लागलं, ठेकेदारानं बोलावणं बंद केलं. दोन महिने कॉटचं भाडं थकलं, सामान बाहेर आलं, त्यात कागदपत्रांची पिशवी गेली. गावी का जात नाही विचारलं, तर म्हणाले, "काय तोंड घेऊन जाऊ?"

माउली, खरं सांगा. आपल्यातले कितीजण लातूर, बीड, बुलढाण्याहून एक बॅग घेऊन इथे आलो? मित्राच्या रूमवर पहिला महिना काढला? तो मित्र आपला अपंगिता होता. काकांना तो मिळाला नाही, एवढाच फरक. तुकोबांनीही दुष्काळात दुकान बुडताना आणि घरातली माणसं जाताना पाहिली होती. तो अभंग भरल्या पोटी सुचलेला नाही.

आता आकुर्डी आठवा. देहूहून पालखी निघाली की पुढचा मुक्काम आकुर्डीला. त्या रात्री आपलं शहर काय करतं? शाळा उघडतो, मांडव घालतो, चहा-पोहे वाटतो, अनोळखी माणसाचे पाय चेपतो आणि त्याला 'माउली' म्हणतो. पालखी पुढे जाते. मग त्याच फुटपाथवर कुणी झोपलेलं दिसलं की आपण म्हणतो, "ए, ऊठ. इथे नाही झोपायचं." विठ्ठल एका रात्रीपुरता माणसात येतो आणि सकाळी निघून जातो का?

गाडगेबाबांनी हा प्रश्न कीर्तनातच सोडला नाही. बेघरांना आसरा देणं हाच त्यांचा देवधर्म. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र गोधडी आणि खापरावर राहिले.

आज धर्मशाळेचं काम सरकारचंही आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा 2013 चा निकष असा, की शहरात दर 1 लाख लोकसंख्येमागे किमान 100 बेघरांची सोय हवी. 2011 च्या जनगणनेतच पिंपरी-चिंचवड 17 लाखांच्या पुढे होतं. म्हणजे किमान 1,700 जागा. वॉर्डात मत मागायला येतील त्यांना हा आकडा विचारा. तीही सेवाच आहे.

आणि आपल्या हातातलं? महापालिकेचं जवळचं निवारा केंद्र कुठे आहे, एकदा स्वतः जाऊन बघून या. तिथे काय लागतं ते विचारा, मगच न्या. जुने कपडे घरात अडचण झाले म्हणून नेऊ नका. रस्त्यावर कुणी आजारी दिसलं तर 108, एकटं मूल दिसलं तर 1098, निराधार वृद्ध दिसले तर 14567. भान हरपून भटकणारा माणूस दिसला तर पोलिसांना कळवा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं त्याला संरक्षण देणं ही त्यांची जबाबदारी आहे. आणि कृपा करून फोटो काढू नका.

त्याच अभंगात तुकोबांनी मापही दिलंय: पोटच्या पोरावर जी माया, तीच घरच्या दास-दासींवर. आईनं ताट वाढताना कधी सेल्फी घेतला होता? ती विचारायची, "जेवलास का? झोप लागली का?" माप तेच.

काकांचं आधार कार्ड अजून आलेलं नाही. दोन रविवार आम्ही केंद्रात खेटे घातले, बोटांचे ठसे नीट उमटत नाहीत. गावच्या फोनलाही ते अजून तयार नाहीत. मी कुणाला तारलं वगैरे काही नाही. फक्त आता मला त्यांचं नाव माहीत आहे आणि त्यांना माझं.

आजचा संकल्प: रोजच्या वाटेवरच्या एका माणसाजवळ बसायचं आणि त्याचं नाव विचारायचं.

पांडुरंगा, तुला विटेवर शोधताना पुलाखाली ओलांडून जाऊ देऊ नकोस.

रामकृष्ण हरी!