तलवार कुणाची, म्यान कुणाचं?

गेल्या १४ एप्रिलला आमच्या पापडीत जयंती झाली. मिरवणूक झाली, भाषणं झाली, शेवटी प्रमुख पाहुण्यांचा सत्कार झाला. शाल, गुच्छ आणि एक तलवार. हातानं घडवलेली. म्यानाला लाल मखमल, तिच्यावर चांदीच्या पत्र्यात ठोकून काढलेली वेलबुट्टी. तोंडाशी मोहनाळ, टोकाला तहनाळ, दोन्ही चांदीच्या. पाहुण्यांनी तलवार उपसली, डोक्यावर धरली, फोटो निघाले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. वर्गणीत माझेही पैसे होते, तेव्हा दुसऱ्याकडं बोट दाखवायला मी मोकळा नाही.

पाहुणे जाताना म्हणाले, ही विहारातच राहू द्या. म्हणून ती कपाटात राहिली. पुढं दसरा आला, म्हणजे आपला धम्मचक्र प्रवर्तन दिन. पोरांनी ती बाहेर काढली, पुसली आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवली. वर झेंडूचं फूल. तिथं मात्र मी थबकलो. ही शस्त्रपूजाच झाली की! आणि तीही त्याच दिवशी, ज्या दिवशी १९५६ साली नागपुरात आपण ते सगळं सोडून आलो. बाबासाहेबांनी दीक्षेला दसरा निवडला तो अशोक विजयादशमी म्हणून. त्याच दिवशी आपण पुन्हा खंडेनवमीचं उरलेलं पाणी पिणार काय?

मी पोरांना विचारलं. त्यातला एक म्हणाला, "काका, आपण काय फक्त मार खायचा का? आपलेही पूर्वज लढवय्ये होते. कोरेगाव विसरलात?"

पोरगं चुकीचं बोलत नव्हतं. म्हणून हा लेख. मनातला प्रश्न असा आहे : ज्याच्या हाती तलवार कधी हक्कानं आलीच नाही, त्याला ती नाकारता येते का? सिद्धार्थ गौतम शाक्यांच्या घरातला, त्याच्यापाशी ठेवायला शस्त्र होतं. अशोकापाशी अख्खं साम्राज्य होतं. आपल्यापाशी काय होतं? माझा आजा गावचा येसकर. त्याच्या हाती घुंगराची काठी होती. गावाचा सारा-वसूल तो तालुक्याला पोचवायचा, वाटेत चोर आले तर मरायचं त्यानं, आणि परत आल्यावर भाकरी वरून टाकायची गावानं. अशा माणसाच्या नातवानं 'मी शस्त्राचा त्याग करतो' म्हटलं तर लोक हसतील. उपाशी माणसानं उपास धरल्यासारखं ते.

आधी ही वस्तू काय आहे ते बघू. त्या दिवशी गर्दीत एक म्हातारे होते. चर्मकार समाजातले, जन्म चामड्यात गेला, आमच्या जयंतीला दरवर्षी येतात. पोरं चांदी बघत होती तेव्हा यांनी अंगठ्यानं मखमल दाबून बघितली. म्हणाले, "खाली नुसतं लाकूड हाय. चामडं न्हाई. आता कोन करतंय तेवढं!"

या एका वाक्यानं मला बरंच शिकवलं. जुनं म्यान म्हणजे लाकडाच्या दोन पातळ फळ्या आणि त्यांवर ताणून बसवलेलं चामडं. चांदी त्याच्यावर. चांदी सोनाराची, पातं लोहाराचं, धार शिकलगाराची. आणि चामडं? मेलेलं जनावर महारानं ओढायचं, कातडं ढोरानं कमवायचं, चांभारानं शिवायचं. ज्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्याच्या हातचं चामडं सरदाराच्या कमरेला अष्टौप्रहर चालत होतं. दसऱ्याला त्याच्यावर हळदकुंकू पडत होतं. म्हणजे विटाळ चामड्याला नव्हता, माणसाला होता. आणि आपणही काही कमी नव्हतो. ढोराकडं महार जेवत नव्हता, महाराकडं चांभार जेवत नव्हता. एका म्यानाला तिघांचे हात लागायचे, पण तिघांची पंगत कधी बसली नाही. हेही लिहिलं पाहिजे.

आता मालकीचं. २०२५ साली महाराष्ट्र सरकारनं नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात ४७ लाख १५ हजारांना घेतली, ऑगस्टमध्ये ती वाजतगाजत मुंबईत आली. पातं युरोपी घडणीचं, आपल्याकडं ज्याला फिरंग म्हणतात ते. पात्यावर देवनागरीत सोन्यानं नाव घातलंय ते मालकाचं. तलवारीवर मालकाचंच नाव असायचं. ती चालवणाऱ्या साध्या शिपायाचं, तिला धार देणाऱ्याचं, म्यान शिवणाऱ्याचं नाव कोण घालणार?

आपल्या माणसांची नावं जिथं कोरली गेली ती जागा म्हणजे कोरेगावचा स्तंभ. १ जानेवारी १८१८. मेलेल्यांची ४९ नावं, त्यांतली २२ महारांची. शेवटी 'नाक' लागलेली नावं वाचताना आजही अंगावर काटा येतो. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथं गेले ते उगाच नाही. ज्यांना तुम्ही नालायक म्हणता ते हे, असं त्यांना दाखवायचं होतं. पण पुढचंही वाचा. ज्या कंपनीसाठी हे रक्त सांडलं, तिच्यामागून आलेल्या इंग्रज सरकारनं १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद केली. कारण काय, तर तुम्ही लढाऊ जात नाही! गोपाळबाबा वलंगकरांना त्याविरुद्ध अर्ज लिहावा लागला, १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांना पुन्हा लिहावा लागला. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली, बेळगावात. म्हणजे दुसऱ्यासाठी धरलेली तलवार पराक्रम देते, पण अधिकार देत नाही. धनी म्हणाला ठेव, की ठेवावी लागते.

मग त्या लष्करातून आपल्या घरात काय आलं? शाळा आली. लष्करात शिपायांच्या मुलांना शिकवत. रामजी सुभेदार लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांचा मुलगा कोण ते सांगायला नको. तलवारी गंजल्या असतील, मोडीत गेल्या असतील. ती शाळा अजून चालूच आहे.

कुणी म्हणेल, ही षंढ अहिंसा झाली. बाबासाहेब तसे नव्हते. खरंय, नव्हतेच. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या न झालेल्या भाषणात त्यांनी साफ मांडलंय की खालच्या वर्गांना चातुर्वर्ण्यानं शस्त्र नाकारलं म्हणून त्यांना बंड करता आलं नाही. विद्या नाकारणं आणि शस्त्र नाकारणं या दोन्हींनी मिळून गुलामी पक्की झाली. पुढं 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये त्यांनी फरक केला तो मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत. इच्छेनं मारू नये. गरज पडली तर ती गरज आहे का, हे बुद्धीनं ठरवावं. म्हणजे शस्त्राचा हक्क सोडा असं ते म्हणत नाहीत. लष्करात जा, पोलिसात जा, अधिकारी व्हा, कायद्यानं जे बळ देता येतं ते सगळं घ्या. त्यात मी एक केसभर सोडायला तयार नाही.

पण कपाटातली तलवार हे बळ आहे का? तिला धार नाही. ती सत्कारासाठीच घडवलीय. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला जे झालं तिथं ही चांदीची वेलबुट्टी कुणाला वाचवणार होती? तिथं लागत होतं ते गावात उभं राहणारं माणूस, वेळेवर येणारा पोलीस, तक्रार नीट लिहून घेणारा जमादार. ही तलवार संरक्षणाची नाही, सरदारकीची आहे. तिचं म्हणणं एवढंच की, ज्याला मारता येतं त्याला मान. हेच तर वर्णव्यवस्था हजारो वर्षं सांगत आली! तिनं आपल्याला शस्त्रापासून दूर ठेवलं, आणि आज आपण तिचंच मूल्य चांदीत मढवून विहारात आणलं. पाहुण्याला दिलं म्हणजे आणखी एक सरदार तयार केला. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं होतं की राजकारणातली भक्ती माणसाला अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. आपण ते भाषण छापून वाटतो आणि त्याच मांडवात तलवार देतो.

आता पापडीकडं परत येतो. आपण राहतो ती जागाच मोठी बोलकी आहे. एका अंगाला वसईचा किल्ला. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं तो पोर्तुगीजांकडून घेतला. ती गोष्ट इथल्या पोराला पाठ असते. दुसऱ्या अंगाला सोपारं. तिथल्या टेकाडाला लोक बुरूड राजाचा कोट म्हणायचे. म्हणजे लोकांना तिथंही कोटच दिसला! १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं आणि निघाला स्तूप. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा, सगळ्यात आत सोन्याचा. आणि सोन्याच्या डबीत काय? भिक्षापात्राचे मातीचे १३ बारीक तुकडे. चांदी तिथंही होती. चांदीचं वैर नाही. पण आत काय जपलंय?

त्याच १८८२ साली सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. राजे पूर्वी शिकारीच्या यात्रा काढायचे, मी धम्मयात्रा काढली, असा त्याचा आशय. नवव्या लेखाचा तुकडा मिळाला पलीकडच्या भुईगावात, आणि साल कुठलं? १९५६! दीक्षेचंच. नवव्यात अशोक म्हणतो, लोक लग्नात, जन्मात, प्रवासात नाना मंगलविधी करतात, त्यांचं फळ थोडं. खरं मंगल म्हणजे दासांशी, नोकरांशी नीट वागणं, जिवांबाबत संयम ठेवणं. आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर हा दगड निघाला, आणि आपण मांडवात तलवार परजतो.

मग माझ्या प्रश्नाचं उत्तर? मला वाटतं, आपल्याला तलवार नाकारता येते. ती हाती नव्हती म्हणून नाही. आपण ती दुसऱ्यासाठी धरून बघितली, तिचं म्यान शिवून बघितलं, आणि ती आपल्यावर चालताना अंगावर घेऊन बघितली. तिन्ही बाजूंनी तिची ओळख आहे अशी माणसं या देशात फार नाहीत. अशोकाला कलिंगात एक लाख माणसं मारल्यावर जे कळलं, ते आपल्याला मरणाऱ्यांकडून कळलंय. हा नकार दुबळ्याचा नव्हे. हक्क पदरात असताना केलेला नकार आहे तो. हक्क राखायचा आणि पूजा नाकारायची, दोन्ही एकाच वेळी. अवघड आहे, पण बाबासाहेबांनी सोपं काही सांगितलंच नाही.

ज्या वर्गणीतून तलवार आली, तिच्यातून अभ्यासिकेला बाकं घ्यायची असं आधी ठरलं होतं. बाकं आली नाहीत. पोरी अजून सतरंजीवर बसून दहावीचा अभ्यास करतात, पाठ दुखते म्हणतात. ही गोष्ट जयंतीच्या अहवालात नाही.

येत्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे की तलवार चांदीसकट विकावी, येईल त्या पैशात बाकं घ्यावीत, कमी पडतील ते मी माझ्या पगारातून घालीन. ठराव पडेलही. पोरं चिडतील, काका म्हातारे झाले म्हणतील. चालेल. पण मतदानाआधी त्या चर्मकार बाबांना बैठकीला बोलवा, एवढी माझी अट आहे. म्यान कसं करतात ते त्यांच्या तोंडून पोरांनी एकदा ऐकावं. मग हात वर करावेत.

आणि वाचणाऱ्यांनो, तुमच्या वस्तीतही असं कपाट असेल. त्यात काय ठेवलंय ते उघडून बघा आणि आम्हाला लिहून कळवा. जयभीम.