ताटात काय आहे, ते सांगावे



पॅरिशच्या सणाला आपण एकत्र जेवायला बसतो. एखादी आई हळूच विचारते, "भाजीत शेंगदाण्याचा कूट आहे का?" तिच्या मुलाला शेंगदाणा चालत नाही. अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो. शंभर जणांना जे रुचकर, तेच एकाच्या जिवावर बेतते. "काही होत नाही, खाऊ दे त्याला," असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे का?

हाच प्रश्न जनुक बदललेल्या, म्हणजे जी.एम. पिकांबाबत उभा राहतो. अशा पिकात बहुधा दुसऱ्या जीवाचे जनुक घालतात व त्यातून नवे प्रथिन तयार होते. अन्नाची ॲलर्जी मुख्यतः प्रथिनांचीच असते.

अमेरिकेतील दोन घटना आम्हांला बोलक्या वाटतात. पशुखाद्य अधिक पौष्टिक व्हावे म्हणून एका कंपनीने सोयाबीनमध्ये ब्राझील नट या कठीण कवचाच्या फळाचे जनुक घातले. ज्यांना हे फळ सोसत नाही, अशा व्यक्तींच्या रक्तावर आधी चाचणी झाली. ॲलर्जी आणणारे प्रथिनच सोयाबीनमध्ये उतरले होते. १९९६ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ते सोयाबीन बाजारात आलेच नाही.

दुसरी घटना स्टारलिंक मक्याची. त्यातील प्रथिनामुळे ॲलर्जी होईल की काय, अशी शंका होती. म्हणून १९९८ साली त्याला फक्त जनावरांच्या खाद्यासाठी परवानगी मिळाली. पण २००० साली तो माणसांच्या खाण्याच्या टाको शेल्समध्ये सापडला. कागदावरची सीमा गोदामात टिकली नाही. माल परत घ्यावा लागला. त्रास झाल्याची तक्रार करणाऱ्यांचे रक्त सरकारी केंद्राने तपासले. २००१ साली अहवाल आला. त्या मक्याची ॲलर्जी झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

मग काहीच चुकले नाही, असे म्हणावे का? आम्हांला तसे वाटत नाही. इजा होणे वेगळे आणि अन्याय होणे वेगळे. स्वतः पत्करलेला धोका आणि न विचारता दुसऱ्याच्या ताटात वाढलेला धोका, यांत मोठे नैतिक अंतर आहे. पहिल्या घटनेत ज्यांना इजा झाली असती, त्यांचा विचार आधी झाला. दुसऱ्या घटनेत लोकांनी नकळत खाल्ले.

मात्र "जी.एम. म्हणजे विष," असे सांगत फिरणे हीदेखील खोटी साक्षच होय. शेंगदाणा आणि कोळंबी निसर्गानेच दिली, तरी ती काहींना बाधतात. म्हणून प्रत्येक पीक स्वतंत्रपणे तपासावे, हेच न्याय्य.

आपल्या देशातही २०१० साली बीटी वांग्याबाबत सरकारने सात शहरांत लोकांचे म्हणणे ऐकले. त्यांत आपले नागपूर होते. त्यानंतर त्या वांग्याला स्थगिती मिळाली. निर्णयाबद्दल मतभेद असतील, पण जे खाणार त्यांना आधी विचारणे योग्यच होते.

बंधुभगिनींनो, पाकिटावर काय लिहावे हे आपल्या एकट्याच्या हाती नाही. आपल्या पातेल्यावर चिठ्ठी लावणे मात्र आहे. येत्या सणाला प्रत्येक पदार्थापुढे त्यात काय घातले आहे ते लिहू या. नव्व्याण्णव जणांना त्याची गरज पडणार नाही. त्या एका मुलासाठी लिहू या.