ऋणकोचा फावला वेळ

मराठी भाषेंत ठरलेल्या वेतनाखेरीज हातीं येणाऱ्या पैशाला दोन नांवें आहेत. एक जोडधंद्याची मिळकत आणि दुसरें वरकमाई. शब्दार्थ पाहिला तर दोहोंत फारसें अंतर नाहीं. परंतु जोडधंदा करणारास लोक उद्योगी म्हणतात, आणि अमक्याची वरकमाई बरी आहे असें कोणी म्हटलें कीं ऐकणारा किंचित् हंसतो. हें हंसूं निष्कारण नाहीं. नोकरीच्या खुर्चीआडून मिळालेला पैसा आणि नोकरी आटोपल्यावर घाम गाळून मिळविलेला पैसा यांतील भेद लोकांनीं या दोन शब्दांत नोंदवून ठेविला आहे. एरव्हीं हा भेद स्पष्ट दिसतो. पण डोक्यावर कर्ज असलें म्हणजे तो पुसट होऊं लागतो. कर्ज फेडणें हें कर्तव्य, तेव्हां त्यासाठीं केलेली कोणतीही कमाई कर्तव्याच्याच पोटांत येते, असा युक्तिवाद मन हळूहळू करूं लागतें. या युक्तिवादांत खरें किती आणि खोटें किती, हें पाहण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम एवढें मान्य केलें पाहिजे कीं, घेतलेलें देणें फेडलेंच पाहिजे. कर्ज काढून तूप पिण्याचें जें तत्त्वज्ञान चार्वाकाच्या नांवावर खपतें, तें बोलण्यापुरतें गमतीचें आहे. ज्याचें तूप प्यालें त्या शेजाऱ्याला त्यांत गंमत वाटत नाहीं. परंतु देणें फेडलें पाहिजे म्हणजे ऋणकोचें सारें आयुष्य धनकोच्या मालकीचें झालें, असें मात्र आपल्या जुन्या धर्मशास्त्रानेंही मानलें नाहीं आणि अलीकडच्या कायद्यानेंही मानलें नाहीं. दामदुपटीचा नियम हेंच सांगतो. एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलापेक्षां अधिक होतां कामा नये, म्हणजे सावकाराच्या हक्कालाही कोठें तरी कुंपण असलें पाहिजे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचें साठावें कलम याच वृत्तीचें आहे. हुकूमनामा झाला तरी स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूण-पांघरूण, कारागिराचीं हत्यारें आणि धर्माचारानें स्त्रीच्या अंगावरून उतरवितां येत नाहींत असे दागिने जप्त होत नाहींत. सामान्य देण्यापायीं वेतनावर जप्ती आली, तर पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोनतृतीयांश भाग ऋणकोलाच ठेवावा लागतो. ज्या माणसाविरुद्ध न्यायालयानें निकाल दिला, त्यालाही जगण्याचा आणि आपलें काम चालूं ठेवण्याचा हक्क उरतो, हें तत्त्व येथें गृहीत धरलेलें आहे. मग जो स्वखुषीनें देणें फेडावयास निघाला आहे, त्यानें स्वतःवर यापेक्षां कठोर जप्ती कां आणावी?

कां आणावी, याचें एक उदात्त उत्तर इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासांत आहे. १८२६ च्या जानेवारींत सर वॉल्टर स्कॉट याचा प्रकाशक कॉन्स्टेबल आणि मुद्रक बॅलंटाइन यांच्या पेढ्या बुडाल्या. बॅलंटाइनच्या पेढींत स्कॉट हा गुप्त भागीदार होता. त्यामुळें सुमारें १,२०,००० पौंडांचा बोजा त्याच्यावर येऊन पडला. नादारी घेऊन मोकळें होण्याचा मार्ग त्यानें नाकारला आणि लेखणीच्या बळावर सर्व देणें फेडण्याचें ठरविलें. स्कॉट हा एडिंबरोच्या न्यायालयांत मोठ्या हुद्यावर नोकर होता, आणि तो पहाटे उठून कचेरीला जाण्यापूर्वीं लिहीत असे, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीनें विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. त्याच वर्षीं मे महिन्यांत त्याची पत्नी वारली, तरी काम थांबलें नाहीं. १८२७ मध्यें नेपोलियनचें नऊ खंडांचें चरित्र बाहेर पडलें. १८३० मध्यें अर्धांगाचा झटका आला, तरीही लेखन चालूच राहिलें. १८३२ च्या सप्टेंबरांत तो वारला आणि उरलेलें कर्ज त्याच्या मागें ग्रंथांच्या हक्कांतून फिटलें.

दुसरें उदाहरण मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकाचें. खिळे जुळविण्याच्या एका नव्या यंत्रांत त्यानें पुष्कळ द्रव्य घालविलें, आणि १८९४ मध्यें त्याची प्रकाशनसंस्थाही बुडाली. सावकारांशीं अर्ध्यामुर्ध्या रकमेंत तडजोड करून सुटणें शक्य होतें. परंतु प्रत्येकाची पै न् पै द्यावी, असा त्याच्या पत्नीचाही आग्रह होता. साठीच्या उंबरठ्यावर असलेला हा गृहस्थ १८९५ मध्यें व्याख्यानें देत पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. त्या प्रवासांत, १८९६ च्या जानेवारींत, तो आपल्या मुंबईसही आला होता. १८९८ च्या आरंभास त्याचें सर्व देणें फिटलें. मात्र दौरा आटोपून तो इंग्लंडांत असतांना, १८९६ च्या ऑगस्टांत, अमेरिकेंत मागें राहिलेली त्याची मुलगी २४ व्या वर्षीं वारली. अखेरच्या घटकेस बाप तिच्याजवळ नव्हता.

हीं उदाहरणें मुलांना सांगतांना आपण बहुधा त्यांचा उत्तरार्धच सांगतों, आणि तो सांगण्यासारखा आहेही. परंतु पूर्वार्ध गाळला तर बोध अपुरा राहतो. स्कॉटनें ॲबट्सफर्डची जमीन आणि वाडा उभारतांना न लिहिलेल्या पुस्तकांचा मोबदला आगाऊ उचलला होता. म्हणजे नंतरच्या पहाटा त्यानें आधींच विकून टाकल्या होत्या. शिवाय या परतफेडीचें मोल त्यानें पैशाखेरीज दुसऱ्याही नाण्यांत दिलें. आजारांत लिहिलेल्या त्याच्या शेवटच्या कादंबऱ्या त्याच्या कीर्तीस साजेशा नाहींत, असें टीकाकार सामान्यतः मानतात. ट्वेननें दिलेलें मोल तर मोजण्याजोगेंच नाहीं. म्हणून या दोघांच्या निश्चयाला नमस्कार करून आम्ही असें म्हणतों कीं, हा निश्चय अनुकरणीय आहे. परंतु त्याचें प्रमाण ज्यानें त्यानें आपल्या शक्तीप्रमाणें ठरविलें पाहिजे.

तें प्रमाण ठरवितांना पहिला प्रश्न असा कीं, जो वेळ आपण विकतों तो आपलाच आहे काय? शाळेंतील शिक्षकाचें उदाहरण घेऊं. घरासाठीं काढलेल्या कर्जाचा हप्ता जड झाला म्हणून तो सायंकाळीं शिकवण्या धरतो. यांत वाईट काय, असें प्रथमदर्शनीं वाटतें. पण शिकवणीस येणारे विद्यार्थी त्याच्याच वर्गांतले असले, म्हणजे वर्गांत थोडें कमी शिकवावें आणि उरलेलें घरीं विकावें, हा मोह उत्पन्न होतो. मोहाला बळी न पडणारे शिक्षक पुष्कळ आहेत. परंतु ज्या मुलाच्या बापाला शिकवणी परवडत नाहीं, त्याच्या मनांतील संशय तरीही फिटत नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें अठ्ठाविसाव्या कलमांत शिक्षकांच्या खासगी शिकवण्यांस मनाई केली, ती याच कारणानें समजून घेतां येते. केंद्र सरकारच्या नोकरांसाठीं १९६४ सालीं जे वर्तणुकीचे नियम झाले, त्यांतील पंधरावा नियम परवानगीवांचून दुसरा धंदा वा नोकरी करूं देत नाहीं, मात्र प्रसंगोपात्त वाङ्मयीन, कलाविषयक वा शास्त्रीय कामास मोकळीक ठेवितो. आणि सतरावा नियम नोकरानें कर्जबाजारी होऊं नये अशी अपेक्षा धरतो. दोन्ही नियम एकत्र वाचले तर नोकराची कोंडी स्पष्ट दिसते. तरीही त्यांतील मर्म आम्हांस मान्य आहे. दिवसाचे जे तास एकदां विकले, ते रात्रीच्या जागरणानें नासवून देणें ही देखील एक प्रकारची चोरीच होय. पेंगत काम करणारा कारकून कोणाच्या खिशांतून कांहीं काढीत नाहीं. पण ज्याचें काम अडलें, त्याचा वेळ तो खातो.

दुसरा प्रश्न घरचा आहे. आपल्या शास्त्रकारांनीं माणूस जन्मतःच ऋणी असतो असें मानलें आणि देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशीं तीन ऋणें सांगितलीं. यज्ञानें, अध्ययनानें आणि संततीनें तीं फेडावयाचीं. आज ती कल्पना जशीच्या तशी कोणी मानीत नसला, तरी तिच्यांतील एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. पैशाचें देणें हें अनेक देण्यांपैकीं एक आहे. मुलाच्या जिज्ञासेला उत्तर देण्यास लागणारी सायंकाळ, वृद्ध आईजवळ बसण्याची घटका, चार पानें वाचून बुद्धि ताजी ठेवण्याचें काम, हींही देणींच आहेत. फरक इतकाच कीं, या धनकोंपाशीं दस्तऐवज नसतो आणि ते दारांत तगादा लावीत नाहींत. जो गृहस्थ बँकेचा हप्ता कधीं चुकवीत नाहीं, पण ज्याचीं मुलें झोपल्यावर तो घरीं येतो आणि उठण्यापूर्वीं जातो, तो एका सावकाराचें देणें दुसऱ्याच्या पैशानें फेडीत असतो.

या संदर्भांत गृहिणीच्या श्रमांचा विचार बहुधा राहून जातो. कर्ज पुरुषाच्या सहीनें होतें आणि तें फेडण्यासाठीं शिवणयंत्र मात्र पत्नी चालविते, हें दृश्य मध्यमवर्गांत नवीन नाहीं. तिचा दुपारचा वेळ ‘रिकामा’ आहे असें समजणाऱ्यांनीं त्या दुपारीं घरांतील कोणतीं कामें होतात याची एकदां मोजदाद करावी. स्त्रीनें मिळवूं नये असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. १९५९ सालीं गिरगांवांत सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला आणि त्यांतून लिज्जतची मोठी संस्था उभी राहिली. परंतु तेथें उसने घेण्याचा निश्चयही त्यांचा आणि श्रमाचा मोबदलाही त्यांचा होता. जिला कर्ज काढतांना विचारलें नाहीं, तिच्याकडून तें फेडण्याचे श्रम गृहीत धरणें न्यायाचें नाहीं.

तिसरा प्रश्न निव्वळ हिशेबाचा आहे. पण हिशेब न करणें हाही नैतिक दोष असूं शकतो. समजा, १,००,००० रुपयांचें कर्ज दरमहा शेंकडा ३ व्याजानें आहे. पहिल्या महिन्याचें व्याजच ३,००० रुपये होतें. वरच्या कामांतून तेवढेच मिळाले आणि तेवढेच भरले, तर माणूस जन्मभर राबला तरी मुद्दल जागचें हलणार नाहीं. दरमहा ४,००० भरले तर सुमारें ४७ महिने लागतात; ६,००० भरले तर २४ महिन्यांच्या आंत सुटका होते. परंतु तेंच कर्ज दरमहा शेंकडा १ व्याजाच्या कर्जांत पालटून घेतलें, तर ४,००० रुपयांतही २९ महिन्यांत फिटतें. अठरा महिन्यांच्या रात्री केवळ एका अर्जानें वांचतात. श्रमाची प्रतिष्ठा आम्ही मानतों. पण जे श्रम नुसत्या चौकशीनें टळले असते, ते करण्यांत पुरुषार्थ कसला? अनेकदां ऋणको लाजेपोटीं कोणास विचारीत नाहीं, खर्चाला हात लावीत नाहीं आणि आणखी एक काम अंगावर घेतो. त्याच्या श्रमांत तेव्हां प्रामाणिकपणाइतकाच अहंकारही मिसळलेला असतो.

इतकें म्हटल्यावर जोडकमाईच्या विरुद्ध आम्ही उभे आहों असा ग्रह होऊं नये. आजारपणानें, नोकरी सुटल्यानें वा मुलांच्या शिक्षणापायीं जें कर्ज होतें, तें काटकसरीनें एकट्यानें फिटत नाहीं, आणि अशा वेळीं दोन तास अधिक राबून ताठ मानेनें जगणारा माणूस आदरास पात्र आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, त्यानें काम धरण्यापूर्वीं घरच्या माणसांसमोर वही उघडावी. देणें किती, व्याज किती, कोणतें काम, कोणते तास आणि किती महिने, हें त्यांत लिहावें, आणि त्या महिन्यांपुढें तारीखही लिहावी. तारीख लिहिण्याचें कारण असें कीं, कर्ज फिटल्यावरही वरच्या पैशाची संवय सुटत नाहीं. खर्च त्या पैशाच्या मापानें वाढलेला असतो, आणि संकटापुरती घेतलेली मेहनत पुढें नव्या कर्जाचें तारण बनते. ठरलेली तारीख आली म्हणजे तें काम सोडून त्या सायंकाळीं घरीं बसण्याचें धैर्य ज्याला होतें, त्याचेंच कर्ज खरोखर फिटलें, असें आम्ही समजतों.