पद्मिनीची उत्तरपूजा

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर प्रीमियर पद्मिनी टॅक्सी धावेनाशी झाली. शेवटच्या पद्मिनीची नोंद ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती आणि इथे टॅक्सीला वीस वर्षांचंच आयुष्य मिळतं, म्हणजे तारीख आधीच ठरलेली होती. तरीही शहर हळहळलं. निदान एक पद्मिनी जतन करा, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने काही वर्षं आधीच सरकारकडे केली होती. तिला यश आलं नाही.

पण हा झाला सार्वजनिक निरोप. गिरगावातल्या, दादरच्या हिंदू कॉलनीतल्या कितीतरी घरांनी आपापली पद्मिनी त्याच्या बरीच वर्षं आधी निमूटपणे देऊन टाकली होती. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली, नव्वदीनंतर शोरूममध्ये एक्सचेंजचे फलक लागले आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ती जुनी गाडी नव्या गाडीच्या किमतीतून वजा होणारी रक्कम झाली. व्यवहार शहाणपणाचाच होता. मग पुढे वर्षानुवर्षं तिची चुटपुट का लागून राहावी? धर्माच्या भाषेत विचारायचं तर, हा मोह आहे का?

जैन परंपरेचं उत्तर कडक आहे. तिथे परिग्रह वस्तूत नसतो, वस्तूविषयीच्या ममत्वात असतो. या हिशेबाने गाडी विकूनही तिच्यासाठी झुरणारा माणूस अजून तिचा मालकच आहे, फक्त चावी त्याच्याकडे नाही. उत्तर बिनतोड आहे, पण त्यात गाडी कोणतीही असली तरी चालते. नेमकी तीच गाडी का आठवते, हे त्यातून कळत नाही.

आणि तीच आठवते, कारण ती त्रास देत होती. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. थंडीतल्या सकाळी चोक किती ओढायचा, गिअर अडकला तर दांडा कसा हलवायचा, हे प्रत्येक पद्मिनीचं वेगळं असे. बोरघाटात पेट्रोल पंप तापून गाडी बसली की त्यावर ओलं फडकं टाकून थांबायचं. पावसात हिंदमाताच्या पाण्यातून काढली की डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून पुसायचं. बिनतक्रार चालणाऱ्या गाडीची अशी ओळख पटतच नाही, कारण ती मालकाकडे काही मागत नाही. पद्मिनी रोज मागायची. ते देता देता घरातल्या एकाला तिच्याविषयी असं काही कळलेलं असे, जे दुसऱ्या कोणत्याही गाडीला लागू पडत नव्हतं.

इथे नागसेनाची आठवण होते. हिंदू कॉलनीतल्या ‘राजगृहा’त राहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादच्या आपल्या महाविद्यालयाला मिलिंदाचं नाव दिलं, त्या परिसराला नागसेनवन म्हणतात. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक वंशाचा राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. राजा रथातून आलेला असतो. नागसेन त्याला विचारतो, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? सांगाडा? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. हे सारे भाग एकत्र आले की आपण त्याला रथ म्हणतो, इतकंच, असं शेवटी ठरतं.

पद्मिनीच्या मालकाला हे समजावून सांगावं लागत नाही. कार्ब्युरेटर एकदा बदललेला, दार चोरबाजारातून आणलेलं, इंजिन दोनदा उघडलेलं. मूळची म्हणावी अशी गाडी उरलीच कुठे होती? पण नागसेनाचा खरा मुद्दा रथाचा नव्हताच, तो माणसाचा होता. नागसेन हेही असंच जुळून आलेल्या गोष्टींना दिलेलं एक नाव, हे त्याला राजाला पटवायचं होतं. तसं असेल तर वीस वर्षं पहाटे चोक ओढणारा हात, इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा कान, हेही त्या जुळणीतले भाग झाले. गाडी गेल्यावर त्यांना काम उरलं नाही. चुटपुट गाडीची असते तशीच या भागांचीही असते. तिला मोह म्हणून झटकून टाकणं हा अन्याय आहे.

लालबाग-परळच्या गिरणी कामगारांना हे चांगलं ठाऊक होतं. खंडेनवमीला ते आपल्या मागाची पूजा करत, झेंडूची माळ घालत. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडली आणि ते माग भंगारात गेले. त्या वेळी पूजा करायला कोणी आत नव्हतं.

आपल्याकडे वस्तू घरात येण्याचे विधी भरपूर आहेत. नव्या गाडीला कुंकवाचं स्वस्तिक, नारळ, चाकाखाली लिंबू, दर दसऱ्याला दादरच्या फुलबाजारातला झेंडू. जाण्याचा विधी मात्र फक्त देवासाठी. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो आहे. निघण्याआधी उत्तरपूजा होते, मूर्ती जागेवरून किंचित हलवतात, मगच चौपाटीची वाट. त्या क्षणी निरोप सगळ्यांसमक्ष मान्य केला जातो. शहराने आपल्या काही वाहनांनाही असा मान दिला आहे. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम निघाली, तेव्हा लोक दुतर्फा उभे होते.

एक्सचेंजमध्ये याच्या नेमकं उलट घडतं. मूल्यमापन करणारा माणूस गाडीभोवती फिरून फक्त दोष मोजतो, गंज, धूर, टायर. मालक शेजारी उभा राहून मान डोलावतो, वर दोन दोष लपवतोही. इतकी वर्षं साथ दिलेल्या गाडीविषयी त्या दिवशी एक चांगला शब्द निघत नाही, आणि सही होते. सल राहते ती बहुधा या अर्ध्या तासाची. गाडी सोडणं चूक नव्हतं, अशी सोडणं जिव्हारी लागतं.

शोरूमपेक्षा कमी पैशांत ओळखीच्या मेकॅनिकला गाडी देणारी माणसं म्हणूनच भाबडी वाटत नाहीत. मेकॅनिकला तिचे दोष आधीच माहीत असतात, लपवायचं काही नसतं. चोक किती ओढायचा, हे त्याला सांगता येतं आणि तो ते ऐकून घेतो. पुढे कधी गॅरेजवरून जाताना, ती अजून चालते का, हे विचारायची सोयही राहते.