डोळ्याच्या वर, डोळ्याच्या खाली

आमच्या अंगणातल्या पट्टेरी वेलगुलाबाच्या एका फांदीला यंदा निखळ लाल फुलं आली. एरवी त्याच्या प्रत्येक पाकळीवर लाल-पांढऱ्या रेघा असतात, या फांदीवर पांढऱ्याचा मागमूस नव्हता. ती पाहून आमचे एक वडीलधारे स्नेही म्हणाले, ‘‘जातीवरच गेला न शेवटी!’’ काका संत्र्याचे जुने बागाईतदार आहेत. खुंट निवडणं, डोळा भरणं, ताण देऊन बहर धरणं यात जळगाव जामोदच्या पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा माणूस क्वचितच सापडेल. ते सहज बोलले, चहा घेतला आणि घरी गेले. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य जाईना. कारण ते मी झाडांपेक्षा माणसांबद्दलच अधिक ऐकलं आहे. गावातलं कुणी शिकतं, नोकरीला लागतं, मोठ्या खुर्चीवर बसतं, आणि एखाद्या दिवशी त्याच्या हातून काही चुकतं. त्या दिवशी हेच वाक्य निघतं. आधीची वीस वर्षं जणू वरचा रंग होती आणि ती एक चूक म्हणजे खरा माणूस.

गुलाब कसा लावावा हे इथे सांगत बसत नाही. आळं, शेणखत, निंबोळी पेंड, ऑक्टोबरची छाटणी हे सगळ्यांना ठाऊक आहे. वेलगुलाबाची एकच गोष्ट सांगायला हवी. आपण त्याला वेल म्हणतो, पण त्याला कारल्यासारखे तणावे नसतात, की गोकर्णासारखा तो कशाला वेढे घालत नाही. त्याच्या फक्त लांब काटेरी फांद्या असतात आणि त्या आपल्याला बांधाव्या लागतात. फांदी सरळ वर जाऊ दिली तर शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो आणि फुलं फक्त टोकाला, गच्चीवरच्या माणसाला दिसतील अशी येतात. तीच फांदी ताटीवर आडवी बांधली की शेंड्याचा धाक सरतो आणि जवळजवळ प्रत्येक डोळ्यातून फूट निघते. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तेव्हा फुलं लहान आणि फिकी होतात, लाल रेघ गुलाबी होते. डिसेंबर-जानेवारीत त्याच झाडावर तीच रेघ कुंकवासारखी गडद असते. रंगाचं एवढं तर हवाही ठरवते.

काकांच्या वाक्यात दोन दावे आहेत. एक, या गुलाबाची एक मूळ जात आहे आणि ती लाल आहे. दोन, पट्टे ही वरवरची, टिकाऊ नसलेली गोष्ट आहे. दोन्ही दावे तपासून पाहावेत असं मला वाटलं.

माझ्याकडचं वाण ‘फोर्थ ऑफ जुलै’ हे आहे. अमेरिकेत टॉम कॅरुथ यांनी ते तयार केलं आणि १९९९ साली ते बाजारात आलं. त्याचा एक पालक ‘अल्टिसिमो’, एकेरी लाल पाकळ्यांचा फ्रेंच वेलगुलाब. चढण्याचा गुण तिकडून आला. दुसरा पालक ‘रोलर कोस्टर’ हा छोटेखानी पट्टेरी गुलाब. त्याच्या मागे जावं तर कॅलिफोर्नियातल्या राल्फ मूर यांचा ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ लागतो. छोट्या गुलाबांवर हयात घालवलेल्या या माणसाने पट्टे आणले ते ‘फर्डिनांड पिशार्ड’ या १९२१च्या फ्रेंच गुलाबातून. आणि बागकामाच्या पुस्तकांत हा पिशार्ड कधी ‘बुर्बों’ गटात टाकलेला असतो, कधी दुसऱ्या. बुर्बों गुलाब कुठले? हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचे. त्या बेटाचं जुनं नाव बुर्बों. तिथे शेताच्या कुंपणाला चिनी गुलाब आणि दमास्क गुलाब शेजारी शेजारी लावत. त्यांचा आपसूक संकर झाला, आणि १८१९च्या सुमारास त्याचं बी फ्रान्सला पोचलं. दक्षिणेत हारांसाठी लावतात तो एडवर्ड गुलाब याच कुळातला.

तर मग मूळ जात कोणती? फ्रेंच, चिनी, दमास्कची, की उष्ण कटिबंधातल्या एका बेटावरच्या बांधाची? जितकं मागे जावं तितकी वाट फाटत जाते. ‘हे थंड देशातलं झाड, आपलं नव्हे’ असंही काका म्हणत असतात. बुर्बोंचं कुंपण कळल्यापासून तो मुद्दा मी त्यांना सोडून द्यायला सांगितला आहे. पाण्याचा मुद्दा मात्र त्यांचा खरा आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आमच्या तालुक्याच्या दक्षिण भागात शिरलेला आहे. तिथल्या विहिरीचं पाणी गुलाबाला घातलं तर पानांच्या कडा करपतात, आणि तेच पाणी माणसांना प्यावं लागलेलं आहे. त्यामुळे अंगणातला गुलाब पत्र्यावरून साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर जगला पाहिजे, नळाच्या पाण्यावर त्याचा हक्क नाही. यावर आमचं एकमत आहे.

आता पट्टे. पट्टेरी फूल बघायला रोपवाटिकेत जायची गरज नाही. जुन्या वाड्याच्या परसात, न्हाणीच्या पाण्यावर वाढणारी गुलबक्षी बघावी. एकाच झुडपावर पिवळं फूल, गुलाबी फूल, अर्धं पिवळं अर्धं गुलाबी, आणि कुठे शिंतोडे उडाल्यासारखं. संध्याकाळी उमललेल्या दोन फुलांची नक्षी सारखी नसते. लहानपणी आम्ही मुलं उद्याच्या फुलावर पैज लावायचो, आणि ती कुणीही हक्काने जिंकत नसे. गुलबक्षीतल्या या शिंतोड्यांचं कारण आता ठाऊक आहे. रंग तयार करणाऱ्या जनुकात आनुवंशिक द्रव्याचा एक फिरता तुकडा येऊन बसतो आणि रंग थांबतो. पाकळी वाढत असताना एखाद्या पेशीतून तो तुकडा उठून जातो, जनुक पुन्हा काम करू लागतं, आणि त्या पेशीपासून पुढे झालेल्या सगळ्या पेशी रंगीत होतात. हीच रेघ. असे फिरते तुकडे असतात हे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४०च्या दशकात मक्याच्या ठिपकेदार दाण्यांवरून ओळखलं. पुष्कळ वर्षं त्यांचं म्हणणं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९८३ साली, वयाच्या ८१व्या वर्षी, त्यांना नोबेल मिळालं. जनुकं माळेत ओवल्यासारखी आपापल्या जागी पक्की असतात, अशी तेव्हाची समजूत होती. मॅक्लिंटॉकबाईंनी कणसाकडे इतक्या आस्थेने पाहिलं की समजुतीपेक्षा दाण्यावर त्यांचा विश्वास बसला. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

सगळेच पट्टे असे नसतात, हेही सांगायला हवं. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये ज्या पट्टेरी ट्युलिपांच्या कंदांना घराएवढी किंमत आली आणि १६३७ साली जो बाजार कोसळला, त्यांचे पट्टे विषाणूमुळे पडलेले होते. माव्यातून पसरणारा तो रोग कंद दर पिढीला अशक्त करत जाई. तिथे रेघ म्हणजे आजार. गुलाबातल्या रेघा आजाराच्या नाहीत. त्या बियांतून पुढच्या पिढीत उतरतात, म्हणून तर मूर आणि कॅरुथ यांना त्यांच्यावर काम करता आलं. त्यांच्यामागेही अशीच जनुकाची अस्थिरता असावी असं मानलं जातं.

ही अस्थिरता धरली तर काकांचा दुसरा दावा उलटा होतो. पाकळीतल्या एका पेशीत बदल झाला की रेघ उमटते. तोच बदल पाकळी होण्याच्या कितीतरी आधी, फांदीचा डोळा घडत असताना झाला, तर सगळी फांदीच लाल होते. म्हणजे लाल फांदी ही एक फार रुंद रेघ आहे. जे झाड पट्टे काढतं तेच झाड, त्याच रीतीने, लाल फांदी काढतं. त्यात परत जाणं कुठे आलं?

इथे मला माझ्या आवडीचा भेद मांडायचा आहे. गुलाबावर वेगळी फूट दिसली की पहिला प्रश्न हाच विचारावा: ती भरलेल्या डोळ्याच्या वरून निघाली, की खालून? आपल्याकडे गुलाब विकत मिळतो तो बहुधा दोन झाडांचा मिळून असतो. खाली खुंट, वर त्याच्यात भरलेला डोळा. खालून निघालेली फूट खुंटाची, ती दुसरंच झाड असते. वरून निघालेली फूट त्याच गुलाबाची, मग तिचा रंग काही का असेना. अमेरिकेत आपला गुलाब अचानक गडद लाल झाल्याची तक्रार लोक करतात, तेव्हा पुष्कळदा वरचं झाड मेलेलं असतं आणि ‘डॉक्टर ह्युई’ नावाचा खुंट फुललेला असतो. बदलणं आणि बदलून टाकलं जाणं यांतला हा फरक आहे, आणि माणसांबद्दल बोलतानाही आपण तो करावा, असं मी पुष्कळदा म्हणत आलो आहे. आमची लाल फांदी डोळ्याच्या हातभर वर आहे. ती गुलाबाची स्वतःची आहे.

आनुवंशिकतेच्या नावाने माणसाला बांधून ठेवण्याला उत्तर देताना बाबासाहेबांनी शास्त्रालाच साक्षीला बोलावलं होतं. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि तिथे कधीच न झालेलं ते भाषण १९३६ साली पुस्तकरूपाने आलं. वंशशुद्धीच्या आधारावर जातीचं समर्थन करणाऱ्यांना उत्तर देताना त्यांनी विल्यम बेटसन यांच्या मेंडेलवरच्या ग्रंथाचा आधार घेतला. बेटसन म्हणजे या शास्त्राला ‘जेनेटिक्स’ हे नाव देणारा माणूस. बुद्धी-चारित्र्यासारखे गुण कुठल्या एका सरळ वाटेने वारशात उतरत नाहीत, हे त्या शास्त्राचा धुरीणच सांगत होता. तरीही नव्वद वर्षांनंतर आपण गुलाबासमोर उभं राहून तेच बोलतो. आमच्याच तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या पहाटे धान्याची हालचाल पाहून वर्षाचं भाकीत सांगतात. ते ऐकायला लांबून शेतकरी येतात. ज्याचं पोट पावसावर आहे त्याला पुढचं कळावंसं वाटतं, हे मी समजू शकतो. पण माणूस जन्मायच्या आधी त्याचं भाकीत मांडून ठेवायचं, आणि तो पुढे काहीही झाला तरी एका चुकीची वाट बघत बसायचं, हे मला समजून घेता येत नाही आणि घ्यायचंही नाही.

इथवर लिहून झाल्यावर मी कात्री घेऊन खाली वाकलो. लाल फांदी राखायचं ठरलं होतं. पुस्तकं ती कापायला सांगतात, कारण लाल फांदी पुष्कळदा जोमदार निघते आणि पट्टेरी फांद्यांवर भारी पडू शकते. माझा युक्तिवाद मला ती कापू देईना. खुंटाच्या फुटी मात्र कापायच्याच होत्या, माझ्या भेदाप्रमाणे त्या परक्या. आणि तिथे तो भेद मला बोचू लागला.

कारण खाली असतो कोण? हा खुंट. आमच्या चोपणट काळ्या मातीत मुळं तोच घालतो. खारवट पाणी आणि चुनखडी त्याला त्यातल्या त्यात सोसते, म्हणून तर त्याला निवडलेलं असतं. ४५ अंशांच्या उन्हात पाणी वर तो चढवतो. त्याच्या जिवावर वरचा गुलाब फुलतो, नाव वरच्याचं लागतं, आणि खुंटाने एक फूट जरी काढली तरी ती मातीच्या खालीच उपटायची असं आम्ही एकमेकांना शिकवतो. डॉक्टर ह्युईची गोष्ट याहून वाईट आहे. फिलाडेल्फियाच्या एका दंतवैद्याच्या नावाने, १९२०च्या सुमारास मानाने बाजारात आलेला तो स्वतः एक वेलगुलाब होता. त्याच्या मुळांचा उपयोग कळला आणि लाखो बागांत तो इतरांच्या नावाखाली राबू लागला. तो फुलला की मालकाला तो बिघाड वाटतो. डोळ्याच्या वर आणि डोळ्याच्या खाली ही रेघ मी इतक्या अभिमानाने ओढली होती. ती आखली कुणी? झाडाने नव्हे. रोपवाटिकेतल्या चाकूने.

झाडावरून माणसाचा नियम काढू नये, हे मी काकांना सांगत होतो. ते मलाही लागू आहे, आणि खुंटाला अन्याय कळतो असं माझं म्हणणं नाही. पण कुणी राबायचं आणि कुणी फुलायचं हे एका रेघेने ठरवायची सवय बागेत माझ्या हाताला होती. ती हाताला कुठून आली हा प्रश्न झाडाबद्दलचा राहत नाही.

म्हणून मी दोन गोष्टी करतो आहे. पट्टेरी गुलाबाचे फाटे पावसाळ्यात वाफ्यात लावले आहेत. जगले तर ते स्वतःच्या मुळांवर उभे राहतील, आणि त्यांच्यापुरता वर-खालीचा प्रश्न मिटेल. खुंटाची एक फूट मुळासकट वेगळी करून पश्चिमेच्या भिंतीला लावली आहे.

काकांना हे सांगितलं. फाट्यांबद्दल ते म्हणाले, या जमिनीत स्वतःच्या मुळावर तुझा गुलाब दोन उन्हाळे काढणार नाही. ते बहुधा बरोबर असतील. खुंटाबद्दल मात्र त्यांना नवल वाटलं नाही. त्यांच्या धुऱ्यावर जंभेरीची पाच-सहा झाडं पूर्ण वाढवलेली आहेत, फळं धरू दिलेली. संत्र्याला खुंट जंभेरीचा लागतो आणि तो बियापासून करावा लागतो. जंभेरीला फळूच दिलं नाही तर पुढचे खुंट आणशील कुठून, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, काका, तुम्ही जंभेरी ठेवली ती पुढच्या खुंटांसाठी. मला हा खुंट त्याची फुलं बघायला ठेवायचा आहे. त्यावर ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, मग पश्चिमेची भिंत कशाला दिलीस त्याला, दुपारचं सगळं ऊन तिथंच पडतं. पावसाळा आहे तोवर मी तो तिथून हलवतो आहे.